न मिटलेला कंस

अजिंठ्यापर्यंत जाऊन लेणी न बघता परत आले, हे पुण्यात कुणाला पटत नाही. आल्यापासून जो तो विचारतो, "पद्मपाणी पाहिलास ना?" मी नाही म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "तिकडे गेली होतीस तरी कशाला?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी एका लहानशा कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. औरंगाबादला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना आहे. त्यांच्याकडे आलेल्या ऑर्डरी वाचून गोदामासाठी चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम आमचा. काही दिवसांपासून त्यांचं मशीन मधेच गप्प बसायला लागलं होतं. धूर नाही, आवाज नाही, चुकीचा आकडा नाही. पडद्यावर चौकोन लुकलुकत राहायचा आणि दिवसाचा माल गोदामात पडून राहायचा.

कारखान्याचे मॅनेजर बोराडे यांचा फोन आला तेव्हा मी साहेबांच्या टेबलासमोरच बसले होते. बोराड्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "घातपात आहे. माणूस पण सापडलाय. आमचा ऑपरेटर आहे, साळवे नावाचा. त्याला घरी बसवलंय. तुमच्या माणसाला येऊन फक्त सांगू द्या त्यानं काय केलं ते. बाकी पोलीस बघतील."

फोन ठेवून आमचे साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "मशीन आपोआप अडकलं असेल तर चूक आपली. माणसानं अडकवलं असेल तर त्यांची. समजलं ना?"

समजलं होतं. न समजायला काही नव्हतंच.

एसटीत

नामांतराबद्दल आपण इथे पेपरात वाचतो आणि पान उलटतो. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारे आणि बदलू देणार नाही म्हणणारे, मोर्चे, बंद, जाळपोळीच्या बातम्या. नगर मागे पडलं आणि ते पेपरातलं सगळं शेजारच्या बाकावर येऊन बसलं.

माझ्या शेजारी धोतर-टोपीतले एक गृहस्थ होते. संत्रं सोलून निम्मं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "नाव काय बाई तुमचं?"

"जाधव."

"कोनते जाधव?"

"पुण्याचे."

"तसं नाय. जाधव लई असतात. आमच्यातबी हायेत, त्यांच्यातबी हायेत."

पुण्यातही हे विचारतातच. पण आपल्याकडे वळसा असतो: मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, शाळा कुठली. इथे सरळ विचारतात. मी सरळ उत्तर दिलं नाही. संत्रं खाल्लं आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी उरलेलं संत्रं रुमालात बांधून ठेवलं आणि गंगापूर फाट्याला उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

हिवाळा होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन आणि तिच्यात डोक्याइतकी उंच ज्वारी. शहर जवळ आलं तशा भिंती बोलायला लागल्या. एका भिंतीवर विद्यापीठाचं जुनं नाव, त्यावर चुना, चुन्यावर नवं नाव, त्यावर डांबर. खुद्द शहरालाही दोन नावं होती. एका दुकानाच्या पाटीवर एक, लगतच्या पाटीवर दुसरं. रिक्षावाल्याला कुठलं सांगायचं, असा प्रश्न मला पहिल्याच मिनिटाला पडला. मी नुसतं "चिकलठाणा" म्हटलं.

चिकलठाणा

वसाहत पुण्याच्या भोसरीसारखी, पण मोकळी. कारखान्यांच्या मधे अजून शेतं होती. एका बाजूला शीट मेटलचा ठणठणाट आणि कुंपणापलीकडे तूर.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. आत थंडगार, देवघरासारखं. बोराडे पन्नाशीचे, रुंद, पांढऱ्या सफारीतले. त्यांनी आधी दार लावलं, मग बोलायला सुरुवात केली.

"बघा मॅडम, दोन ऑपरेटर. एक आमच्या काळेबाई आणि एक हा साळवे. काळेबाईंच्या हातून मशीन एकदाही अडकलं नाही. अडकतं ते साळव्याच्याच हातून. आणि प्रत्येक वेळेस एकाच शिक्षणसंस्थेच्या ऑर्डरीवर. मशीन बंद करून तीच ऑर्डर काळेबाईंनी लिहिली, की जाते बिनबोभाट. आता सांगा."

सगळं फारच नीट जुळत होतं, आणि इतकं नीट जुळलेलं काही ऐकलं की मला शंका येते. मी विचारलं, "साळव्यांनी लिहिलेली ती ऑर्डर मशीनमध्ये आहे का?"

"नाही. पुसली. आत काय टाकलं असंल काय भरोसा?"

म्हणजे पुरावा त्यांनीच पुसला होता. मी मनात तेही टिपून ठेवलं.

दुपारभर मी जुन्या ऑर्डरी घालून पाहिल्या. मशीन आज्ञाधारकपणे चिठ्ठ्या छापत राहिलं. काळेबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी बोराडे म्हणाले, "मॅडम, लॉजवर एकट्या बाईनं राहण्यासारखं वातावरण नाही. काळेबाईंकडे सोय केलीय."

पुंडलिकनगर

काळेताईंचं घर पुंडलिकनगरात. नवी वस्ती, निम्मी घरं राहती आणि निम्म्यांच्या गच्चीवर सळया उभ्या. घरात त्या, त्यांचे बँकेत असलेले यजमान आणि दोन मुली. ताई गोऱ्या, ठेंगण्या, सतत पदर खोचलेल्या. त्यांनी गरम ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट पिठलं वाढलं. पुण्याच्या पिठल्यासारखं सौम्य नव्हे. डोळ्यांतून पाणी काढणारं.

जेवण झाल्यावर चहा आला. घरातल्यांना स्टीलच्या पेल्यात, मला काचेच्या कपात. पाहुण्याला चांगला कप देतात म्हणून, की माझं आडनाव जाधव म्हणून? विचारता येण्यासारखं नव्हतं. मी कपाकडे बघत असताना ताई माझ्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी विचारलंच, "जाधव म्हणजे कुठल्या हो तुम्ही?"

"ताई, तुम्ही साळव्यांची ऑर्डर पुन्हा लिहिलीत, ती जशीच्या तशी?" मी उलट विचारलं.

त्या जरा घुटमळल्या. "जशीच्या तशी म्हणजे... हो. पत्ता थोडा छोटा करते मी. लई लांबलचक असतो."

यजमानांनी मधेच रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. ताईंना मुलींसाठी कापड घ्यायचं होतं, त्यांनी मला शहागंजला नेलं. घड्याळाचा मनोरा, भोवती हातगाड्या, अत्तर, बांगड्या, कोंबड्यांच्या खुराड्यांचा वास. एका कापडवाल्यानं आम्हांला बघून दुकानाबाहेरच स्टूल टाकलं. "आओ बाई, बैठो. क्या होना? सूती होना के टेरिकॉट?" ताई त्याच्याशी निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलत अर्धा तास घासाघीस करत होत्या. एरवी आवाज न चढवणाऱ्या बाई इथे खुलल्या. मी शेजारच्या हॉटेलातून येणारा मटणाच्या नान-खलियाचा वास घेत उभी होते. ताई शाकाहारी, म्हणून वासावरच भागवलं.

तिथे उभी असताना मला निळ्या स्वेटरातला एक माणूस दिसला. सायकल धरून उभा. आम्ही बांगड्यांच्या गल्लीत गेलो, तो गल्लीच्या तोंडाशी. आम्ही उसाचा रस प्यायलो, तो समोर पान खात होता. पुण्यात असं झालं असतं तर मी सरळ जाऊन विचारलं असतं. इथे मी ताईंच्या आणखी जवळ सरकले. ताईंना सांगितलं, तर त्या बघायलाही वळल्या नाहीत. "असंल कुणी. चला." त्यांनी ज्या झटक्यात न बघता सांगितलं, त्यावरून त्या त्याला ओळखत होत्या, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच निळा स्वेटर कारखान्याच्या फाटकावर मला सलाम करत होता. मी तडक बोराड्यांच्या खोलीत गेले.

"माझ्यामागं माणूस लावलात?"

"काळजीपोटी, मॅडम. काय झालं असतं तर जबाबदारी आमची."

काळजी असेलही. पण मग आधी का सांगितलं नाही? मी त्यांना म्हटलं, "मला साळव्यांना भेटायचंय. त्यांनी नेमकं काय लिहिलं हे कळल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही."

"तो गावी गेलाय, अजिंठ्याला. खरं थोडंच सांगणारे तो?"

"खोटं सांगितलं तर मशीनवर करून बघता येईल."

बोराडे पेपरवेट फिरवत राहिले. "जा. पण तक्रार मी तयार ठेवलीय. तुम्ही आलात की पोलिसांत देतो. जास्त थांबता येणार नाही, वरून दाब आहे."

अशा दिवसांत साळवे आडनावाच्या माणसावर घातपाताची पोलीस तक्रार म्हणजे काय, हे भिंतींवरचं डांबर पाहिलेल्या कुणालाही कळलं असतं.

अजिंठ्याच्या वाटेवर

सिल्लोड गेलं आणि थोड्याच वेळात एसटीनं मान टाकली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडून आत बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि विडी पेटवली. मी खाली उतरले. उजवीकडे कापूस वेचून झालेलं रान होतं आणि त्यात मेंढ्या बसवलेल्या. कडेला एक धनगर कुटुंब जेवायला बसलं होतं. त्यांतल्या बाईनं मला हाक मारली, "या वं बाई, उन्हात कामून उभ्या?"

मी जाऊन बसले. बाईनं भाकरीवर ठेचा घालून दिला. नवरा पिवळा फेटा बांधलेला, कान टवकारल्यासारखा बसलेला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोलिसातल्या का तुमी?"

"नाही हो."

"मंग शाळंच्या?"

"नाही. कॉम्प्युटरचं काम करते."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. माणूस म्हणाला, "नाय, इचारलं आपलं. कोनबी येतं आन् इचारतं, तुमी कोनत्या बाजूचे. परवा एकजन आला, म्हनला, इद्यापीठाचं नाव काय? मी म्हनलं, तुमी सांगान ते."

"मग?"

"मंग काय, गेला खूश हून. सांजच्याला दुसरे आले. त्यांलाबी तेच सांगितलं." तो हसला नाही. "आमाला ह्या रानातून त्या रानात जायचं असतं, बाई. दोन्ही गावं लागतात."

बाईनं शेळीच्या दुधाचा चहा दिला, धुरकट आणि दाट. आडनाव मात्र त्या दोघांनी विचारलं नाही. बहुधा त्यांनाही त्यांचं विचारलेलं नको होतं. दुसरी एसटी आली तेव्हा माणूस उठून रस्त्यापर्यंत आला. मला पोचवायला, की मी खरंच जाते ना हे बघायला, कोण जाणे.

अजिंठा

लेणी खाली घाटात आहेत. अजिंठा गाव वर आहे. गावाला जुनी तटबंदी आणि दगडी वेस. वेशीतून आत गेलं की तुराट्यांचे भारे, कापसाची गाडी, पानाची टपरी. टपरीवाल्याला साळव्यांचं घर विचारलं, तर त्यानं पान लावता लावता विचारलं, "काय काम हाय?" मी भेटायचंय म्हटलं. "ते दिसतंच हाय," तो म्हणाला, आणि रस्ता दाखवला तो लांबचा. परतताना कळलं.

साळवे घराच्या भिंतीला गिलावा करत होते. तिशीतला सडसडीत माणूस, हात कोपरापर्यंत सिमेंटनं भरलेले. ओट्यावर त्यांची बायको गहू निवडत होती. मी नाव सांगितलं. त्यांनी थापी खाली ठेवली नाही.

"कंपनीनं पाठिवलं का?"

"तुमच्या नाही. ज्या कंपनीनं तो प्रोग्राम बनवला, तिनं."

"मंग तर आनखी वाईट." त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. "म्हंजी चूक एक तर तुमची, नायतर माझी. आन् तुमी तुमची काढायला तर आला नसान इतक्या दूर."

माझे साहेब जे बोलले होते, ते हा माणूस त्यांना न भेटता बोलत होता. मी म्हटलं, "तुम्ही ती ऑर्डर कशी लिहिली, एवढंच सांगा. खोटं काही मी लिहिणार नाही. पण मला ठाऊक नसलं तर ते जे म्हणतील तेच खरं होईल."

बायको म्हणाली, "सांगा की. नाय सांगितलं तर कोनतं भलं व्हनार हाय?"

त्यांनी हात धुतले आणि ओट्यावर बसले. "लपवायसारखं काय हाय? त्या संस्थेच्या कागदावर पत्ता छापलेला असतो. इद्यापीठाचं जुनं नाव, आन् म्होरं कंसात नवं. मी छापलेलं जसंच्या तसं लिवतो. काळेबाई कंसातलं गाळतात. मला म्हनल्या, तूबी गाळ. मी म्हनलं, गिऱ्हाइकानं जे छापलं ते माझ्या मनानं कसं गाळू? बोराडे साहेबाला वाटतं मी मशीनीत प्रचार करायलो."

"कंस उघडलात, नाव लिहिलंत, आणि कंस मिटवलात?"

"मिटवतो की. पन मशीन घेत नाय. नाव लई लांब. रकाना भरला की नुसती टिंग वाजते. मंग तसंच सोडून खालच्या ओळीला जातो. तितं पुन्ना तोच पत्ता."

मी उठून उभीच राहिले. "प्रत्येक ओळीत?"

"हर मालाच्या ओळीत पत्ता लागतोच ना."

"म्हणजे जितक्या ओळी, तितके उघडे कंस. आणि मोठी ऑर्डर असली की जास्त."

"व्हय. त्यांची ऑर्डर मोठीच असती, वसतिगृहं हायेत त्यांची. पन त्यानं काय व्हतंय?"

त्यानं काय होतं, ते मी त्यांना ओट्यावर गव्हाचे दाणे मांडून सांगितलं. तुम्हांलाही तसंच सांगते. आमच्या धंद्यात सगळं कुणी स्वतः लिहीत नाही. काही तयार भाग बाहेरून विकत घेतात. त्यांना लायब्ररी म्हणतात, ग्रंथालयाशी त्यांचा संबंध नाही. अख्खी ऑर्डर एका दमात वाचून तिच्यातला पत्ता कुठला, माल कुठला, नग किती, हे वेगळं करणारा भाग आम्ही असाच विकत घेतलेला होता. तो वाचताना कंस दिसला की तो कुठे मिटतो, ते शोधत पुढे जातो. मिटलेला सापडला नाही की मागे येतो आणि तो कंस साधं अक्षर आहे असं धरून पुन्हा पुढचं सगळं वाचतो. म्हणजे एका उघड्या कंसासाठी दोन वाचनं. त्याच्या पुढे दुसरा उघडा कंस असेल तर त्या दोन्ही वाचनांची पुन्हा दोन-दोन. प्रत्येक कंसागणिक काम दुप्पट. चार-पाच असतील तर कळतही नाही. मोठ्या ऑर्डरीएवढे झाले की मशीन बिघडत नाही, चुकत नाही. ते नुसतं वाचत बसतं, आणि त्याचं वाचन आपल्या हयातीत संपत नाही.

साळव्यांनी दाण्यांकडे बघत विचारलं, "म्हंजी माझ्या हातानं झालं, पन माझ्यामुळं नाय?"

"वाचणाऱ्यात खोट आहे. तुम्ही नुसतं लिहिलंत."

"हे तितं सांगान?"

"सांगेन."

"बघू," ते म्हणाले, आणि पुन्हा थापी उचलली. बायकोनं आग्रह करून गुळाचा चहा दिला. लेण्यांची एसटी माझ्या समोरून गेली. मी उलट्या दिशेची पकडली.

पुन्हा चिकलठाणा

आधी पुंडलिकनगरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, "लायब्ररी आपली नाही, तिच्यात हात घालू नकोस. त्यांना सांग, कंस वापरायचा नाही. विषय संपला."

"विषय संपत नाही, साहेब. त्या कंसात काय आहे, ते तुम्हांला माहीत नाही." बूथवाला कान देऊन ऐकत होता, म्हणून मी फोन ठेवला.

कारखान्यात मी बोराड्यांसमोर संस्थेची मूळ ऑर्डर घेऊन बसले आणि छापल्याप्रमाणे लिहायला लागले. टिंग. पुढची ओळ. टिंग. थोड्या ओळी लिहून मशीनला वाचायला दिलं, चिठ्ठी आली. आणखी ओळी घातल्या, जरा वेळ लागला. आणखी घातल्या, तर बोराड्यांचा चहा पिऊन झाला तेव्हा चिठ्ठी आली. मग पूर्ण ऑर्डर. चौकोन लुकलुकत राहिला.

बोराडे बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत होते. काळेताई दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही कंसातलं का गाळत होतात?"

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला कुणाशी भांडायचं नाही हो. दोन्ही लिहिलं की एक चिडतो. आमच्या गल्लीतही तसंच आहे. छोटं लिहिलं की कुणाचं लक्ष जात नाही."

बोराड्यांनी उठून दार लावलं. त्यांचा आवाज खाली आला होता. "म्हणजे मॅडम, कुणीबी बाहेरच्या बाहेर नुसती अशी ऑर्डर धाडून कारखाना बंद पाडू शकतं? आत यायलाबी नको?"

"हो. चोरी नाही, तोडफोड नाही. वाचणाऱ्याला असं काही वाचायला द्यायचं, की तो त्यातच गुंतून पडेल."

"हे साळव्याला माहीत आहे?"

"आता आहे. मीच समजावून सांगितलं."

"मग झालं," बोराडे म्हणाले. "मग तर त्याला परत घेता येत नाही."

मला वाटलं होतं, खरं कळलं की शंका जाईल. ती गेली नाही. काल तो माणूस संशयित होता, कारण त्यानं काहीतरी केलं असावं. आज तो संशयित होता, कारण त्याला काहीतरी कळलं होतं.

"त्यानं मुद्दाम केलं नाही, असं तुम्ही छातीठोक सांगाल?" बोराड्यांनी विचारलं.

"नाही. काळेताईंनी मुद्दाम गाळलं नाही, तुम्ही मुद्दाम पुसलं नाहीत, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. मशीनमध्ये ते दिसत नाही. आणि आता हे मला, ताईंना आणि तुम्हांलाही माहीत आहे. कुणाकुणाला घरी बसवणार?"

बोराडे पुन्हा खुर्चीत टेकले. मी म्हटलं, "मला काम करू द्या. ही युक्ती कळली तरी काही उपयोगाची राहणार नाही, असं करून देते. मग तक्रारीचं ठरवा."

लायब्ररी उघडणं माझ्या हातात नव्हतं. मी तिच्या दारात एक छोटा तुकडा लिहून बसवला. ओळ आत जाण्याआधी त्यानं कंस तपासायचे. कंसांची जोडी जुळली नाही किंवा कंसात कंस फार खोल गेले, तर ती ओळ परत करायची आणि बाकीचं काम चालू ठेवायचं. पत्त्याचा रकानाही लांब केला. साहेबांना विचारलं नाही. काम झालं तेव्हा बोराड्यांना म्हटलं, "साळव्यांना बोलवा. सगळ्यांसमोर बघू."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास साळवे आले. इस्त्रीचा शर्ट, पण नखांत सिमेंट तसंच. खोलीबाहेर चपलांचा ढीग झाला होता. गोदामातले, हिशेबातले, फाटकावरचा निळा स्वेटरवालासुद्धा. मी सगळ्यांना सांगितलं, मशीन कसं अडकत होतं ते, काहीही न लपवता. मग म्हटलं, "आता ज्याला पाहिजे त्यानं बंद पाडून दाखवा."

आधी कुणी पुढे येईना. ज्यानं हात लावला तोच पुढे धरला जाईल, अशी प्रत्येकाला भीती. शेवटी काळेताई बसल्या आणि त्यांनी पडदाभर उघडे कंसच कंस ठोकले. मशीननं ती ओळ लगेच परत केली. मग लोकांना चेव आला. गोदामवाल्यानं कंसात कंस घातले. हिशेबनीसानं नुसतेच मिटणारे कंस लिहिले. ओळी परत येत राहिल्या, हशा होत राहिला. बोराडेही बसले, दोन बोटांनी शोधून शोधून कंस दाबत. ओळ परत आली तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

मग ते उठले आणि खुर्ची साळव्यांकडे सरकवली. "बसा. तुम्ही पण बघा पाडून."

साळवे खुर्चीमागे उभे होते.

"मी नाय," ते म्हणाले.

"अहो, खेळ आहे. सगळ्यांनी केलं."

"सगळे करू शकतात, साहेब. मी बंद पाडायला म्हनून इतं कवा बसलोच नव्हतो. आजबी नाय बसनार."

निळा स्वेटरवाला आपल्या पायांकडे बघत होता. बोराड्यांचा चेहरा आधी आवळला, मग हळूहळू सैल झाला. त्यांनी टेबलावरचा राहिलेल्या ऑर्डरींचा गठ्ठा उचलला आणि साळव्यांसमोर ठेवला. तक्रारीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

साळवे बसले. वरची ऑर्डर त्याच संस्थेची होती. त्यांनी पत्ता लिहिला, जुनं नाव, कंस, मग नवं नाव, एकेक अक्षर, कागदावर होतं तसं. टिंग वाजली नाही. त्यांनी कंस मिटवला आणि खालच्या ओळीला गेले. शेवटी मशीनला वाचायला दिलं. प्रिंटर लगेच करकरायला लागला.

लोक चपला शोधत पांगले. बोराडे अजून उभेच होते, हात मागे बांधून. काहीतरी म्हणायचं म्हणून त्यांनी विचारलं, "नाश्ता झाला का, साळवे?"

"करून आलोय, साहेब," साळवे मान न वळवता म्हणाले, आणि त्यांनी पुढची ऑर्डर ओढून घेतली.